सातारा-सांगलीहून फॅमिली घेऊन यॉटवर जायचं असेल तर तयारी कशी करायची

आपल्याकडं सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज या पट्ट्यात कृष्णा-कोयनेचं पाणी भरपूर पण समुद्र लांब, त्यामुळं भाड्याची यॉट, म्हणजे राहायची सोय असलेली शिडाची बोट, घेऊन आठवडाभर फिरायचं म्हटलं की लोक लगेच म्हणतात हे आपलं काम नाही. तसं काही नाही. दोन कुटुंबांनी मिळून बोट घेतली आणि गर्दीचा सीझन टाळला तर परदेशातल्या चांगल्या हॉटेल टूरपेक्षा खर्च फार लांब जात नाही, कारण राहायची जागा आणि फिरायचं वाहन एकच असतं. मात्र एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात पक्की करा. घरातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात घाबरणारा माणूस कोण ते बघा, आणि बोट, देश, महिना, रोजचं अंतर सगळं त्याच्या हिशोबानं ठरवा. घरातल्या हौशी माणसाच्या हिशोबानं ठरवलं की बाकीचे आठवडाभर तोंड पाडून बसतात, आणि समुद्रात मधेच उतरून जाता येत नाही.

बुकिंगच्या आधी घरच्या घरी चाचणी घेता येते. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात किंवा कोकणात उतरताना आंबोलीत कोण पिशवी मागतं ते आठवा, ज्याला घाट लागतो त्याला बोट लागायची शक्यता जास्त. मग एखाद्या रविवारी सगळ्यांना बामणोलीला किंवा तापोळ्याला नेऊन कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात लाँचमधून फिरवून आणा, आजींना बोटीत पाय टाकताना किती भीती वाटते, पोरं कडेला वाकतात का, लाइफ जॅकेट अंगावर ठेवतात का काढून टाकतात, हे सगळं तिथंच कळतं. पण धरणाच्या पाण्याला समुद्रासारखी लाट नसते, म्हणून मळमळीची परीक्षा तिथं होत नाही. त्यासाठी मुंबईला जाऊन गेटवेवरून मांडव्याची लहान बोट पकडा, शक्यतो दुपारनंतरची, कारण दुपारी वारा वाढतो आणि बोट हलते (भाऊच्या धक्क्यावरची गाड्या नेणारी रो-रो बोट मोठी असते, ती एवढी हलत नाही, त्यामुळं तिच्यावरून काही कळणार नाही). आणि जमलंच तर गेटवेसमोर किंवा गोव्यात पणजीला मांडवी नदीच्या तोंडाशी दोन-तीन तासांसाठी शिडाची बोट माणसासकट भाड्यानं मिळते ती घ्या. इंजिन बंद होऊन नुसत्या शिडावर बोट एका बाजूला कलायला लागली की घरातल्या माणसांचे चेहरे बघा, तिथंच निम्मे निर्णय होतात. हे सगळं ऑक्टोबर ते मे मधलं काम, पावसाळ्यात नाही.

आता भाड्याचे प्रकार. बेअरबोट म्हणजे नुसती बोट मिळते आणि चालवायची तुम्ही, त्याला बहुतेक देशांत लायसन लागतं, आयसीसी (बोट चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना) किंवा ब्रिटनच्या आरवायए संस्थेचं डे स्किपर अशासारखं, आणि कंपनी अनुभवही विचारते. दुसरा प्रकार स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणारा माणूस बरोबर येतो पण स्वयंपाक, भांडी, दोऱ्या ओढायला मदत हे आपल्याकडं. तिसरा फुल क्रू, त्यात स्वयंपाकीही असतो. पहिल्यांदा जाणाऱ्या फॅमिलीनं स्किपरसकटच घ्यावी असं माझं ठाम मत आहे, घरात कोणाकडं लायसन असलं तरी. कारण बापमाणूस सुकाणू धरून बसला की पोरांच्या मागं पळायला कोण? आणि पोरांना शिकायचं असेल तर स्किपरच्या शेजारी उभं राहून जेवढं शिकतात तेवढं कशातच नाही. जायच्या आधी त्यांना कमांडर दिलीप दोंदेंची गोष्ट जरूर सांगा, २००९-१० मध्ये ते गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या बोटीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. हे ऐकून गेलेलं पोरगं बोटीवर वेगळ्याच नजरेनं वावरतं.

बोट कुठली घ्यायची यात मोनोहल आणि कॅटामरान असे दोन पर्याय समोर येतात. मोनोहल म्हणजे एका अंगाची, ती वाऱ्यानं कलते, आणि खरं सेलिंग हेच हे मलाही मान्य आहे. पण आजी-आजोबा आणि पाच वर्षांचं पोरगं असेल तर दोन अंगांची कॅटामरान घ्या, ती फारशी कलत नाही, मधे ऐसपैस जागा असते, टेबलावरचा चहा सहसा टेबलावरच राहतो. भाडं मात्र जास्त. केबिन मोजताना स्किपरची झोपायची जागा धरायला विसरू नका, चार केबिनची बोट म्हणजे तुमच्यासाठी तीनच केबिन असं कितीतरी वेळा होतं, आणि त्याचं जेवणही आपल्याकडंच असतं. पंधरा-वीस माणसांचं एकत्र कुटुंब असेल, आत्या-मामा सगळे, तर शिडाच्या लहान बोटींचा नाद सोडून क्रोएशियात किंवा तुर्कस्तानात गुलेत नावाची लाकडी मोठी बोट क्रू आणि स्वयंपाक्यासकट मिळते तिची चौकशी करा.

कुठं आणि कधी हे आपल्या शाळांच्या सुट्ट्यांवर ठरतं. दिवाळीची सुट्टी असेल तर थायलंडचं फुकेत, तिथला सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणून दिवाळी नोव्हेंबरात आली तर उत्तम, ऑक्टोबरात आली तर पाऊस गाठू शकतो. फुकेतच्या शेजारचा फांगन्गा उपसागर चुनखडीच्या उंच कड्यांनी आणि बेटांनी झाकलेला आहे त्यामुळं पाणी शांत, घाबरणाऱ्या माणसासाठी याच्यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र तिथं जाऊ नका, मेमध्ये नैऋत्य मोसमी वारे तिकडंही सुरू होतात. उन्हाळ्यात ग्रीस किंवा क्रोएशिया बघा. त्यातही आपल्या मराठी शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून जूनचा पहिला आठवडा हा आपल्यासाठी सोन्यासारखा, जुलै-ऑगस्टची गर्दी आणि भाडं नाही आणि पाणीही मे महिन्याएवढं गार नाही. ग्रीसमध्ये आयोनियन बाजूला जा, कॉर्फू, पाक्सोस, लेफ्कादा, इथाका ही बेटं, वारा सहसा सौम्य, दुपारी सुरू होतो आणि संध्याकाळी पडतो. फोटोत दिसणारी पांढरी-निळी घरं ग्रीसच्याच सिक्लेडीस नावाच्या दुसऱ्या बेटांवर आहेत, पण तिथं भर उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा जोराचा वारा सुटतो तो कधीकधी दिवसेंदिवस थांबत नाही, लहान मुलं घेऊन पहिल्याच ट्रिपला तिकडं नको. क्रोएशियात स्प्लिटहून निघून ब्राच, ह्वार, विस अशी बेटं जवळजवळ आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच व्हिसा चालतो तो गट) आहे, म्हणजे ग्रीस असो की क्रोएशिया, शेंगेन व्हिसाच लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ढकलू नका, आणि किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. हॉटेल बुकिंगच्या जागी बोटीचं कॉन्ट्रॅक्ट आणि त्यात सगळ्यांची नावं असलेली क्रू लिस्ट जोडा. बायोमेट्रिकला पुणे-मुंबईची एक चक्कर होते, १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

पैशाचं बोलायचं तर जाहिरातीतला आकडा हा नुसत्या बोटीचा असतो. त्यावर स्किपरची रोजची फी, डिझेल, शेवटची साफसफाई, बंदरात किंवा बॉयला (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या गोळ्याला) बोट बांधायचे पैसे, काही ठिकाणी टुरिस्ट टॅक्स, आणि डिपॉझिट. हे डिपॉझिट मोठं असतं आणि बहुतेक वेळा क्रेडिट कार्डावर ब्लॉक होतं, म्हणून कार्डाचं लिमिट आधी बघा. फुल क्रूच्या बोटीला भाड्यावर वेगळी खर्चाची उचल आधी द्यावी लागते, जेवण-डिझेल त्यातून होतं आणि उरलेली परत मिळते. तुम्ही ट्रिप कॅन्सल केली तर काय आणि हवामानानं बोट निघालीच नाही तर काय, ही दोन कलमं नीट वाचून लेखी उत्तर घ्या. युरोपात बोट साधारण शनिवार ते शनिवार मिळते, शनिवारी संध्याकाळी ताबा आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी बोट परत धक्क्याला, उतरायचं शनिवारी, म्हणजे फिरायला सहाच दिवस, विमानाची तिकिटं त्या हिशोबानं काढा.

सामान मऊ बॅगेत भरा, चाकाच्या कडक सुटकेस बोटीवर ठेवायला जागाच नसते. गोडं पाणी टाकीतलंच असतं, काही शे लिटर, आठ माणसांनी घरच्यासारखी अंघोळ केली तर दोन दिवसांत टाकी खडखडीत, म्हणून समुद्रात पोहून वर आल्यावर थोड्या गोड्या पाण्यानं अंग धुवायचं अशी सवय पहिल्या दिवसापासून लावा. संडासात आपण खाल्लेल्या गोष्टींशिवाय काही म्हणजे काही टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही, पाइप बारीक असतात. प्लास्टिकचा एक मग घरून न्या, कितीही लहान गोष्ट वाटली तरी आपल्या माणसांचा निम्मा अवघडलेपणा त्यानं जातो. वीज बॅटरीवर चालते त्यामुळं मिक्सर विसरा, गॅस असतो, लहान कुकर नेला तर खिचडी होते. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या हे न्या, रिकाम्या पोटी बोट जास्त लागते आणि कोरडं भडंग मळमळताना लई कामाला येतं. कंदी पेढे, तूप मात्र युरोपात नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिथं बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. थायलंडला जाताना तिथले नियम बघून घ्या.

मळमळीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, कुठली आणि किती ते आपल्या डॉक्टरांना विचारून. प्रोमेथाझिनवाली गोळी २ वर्षांखालच्या मुलांना द्यायची नसते, आणि बीपी-शुगरची औषधं चालू असलेल्या आजोबांसाठीही आधी विचाराच. ज्याला कसंतरी व्हायला लागलं त्याला खाली केबिनमध्ये झोपायला पाठवू नका, वर हवेवर बसवा, नजर लांब क्षितिजावर, मोबाइल बंद, आणि शक्य असेल तर त्याच्याच हातात चाक द्या.

मुलांच्या लाइफ जॅकेटचं बुकिंग करतानाच प्रत्येकाचं वजन लिहून कळवा, लहानांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि पोर खाली राहतं. पोरं विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकली असली आणि खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगत असलं तरी समुद्राला ओढ असते, म्हणून पोहताना बोटीच्या मागं तरंगता डबा बांधलेली लांब दोरी सोडायची आणि एक मोठा माणूस बोटीवर नुसता बघायला. बोट चालू असताना एक हात कायम कशाला तरी धरलेला, शिडाच्या आडव्या दांड्याखाली डोकं नाही, दोरी गुंडाळायच्या विंचजवळ बोटं नाहीत. हे स्किपर पहिल्या संध्याकाळी सांगतो, त्याला थांबवून मराठीत पोरांना पुन्हा सांगा, आणि आजींनाही.

रोजचं अंतर कमी ठेवा. शिडाची बोट ५-६ नॉटच्या वेगानं जाते, एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, किंवा ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे २० सागरी मैल जायला साडेतीन-चार तास. फॅमिलीला याच्यापेक्षा जास्त नको. सकाळी नाश्ता करून निघायचं, दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकून जेवण आणि पोहणं, चारच्या आत रात्रीची जागा पकडायची, उशीर झाला की चांगल्या जागा जातात. स्किपर म्हणाला आज वारा जास्त आहे, थांबूया, तर थांबायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही, गावात उतरून फिरा.

ताबा घेताना बोटीचे सगळे ओरखडे मोबाइलवर शूट करून ठेवा, फ्रीज, गॅस, पंप, नांगराची मोटर चालवून बघा, लाइफ जॅकेट घालूनच बघा. परत देताना डिझेल फुल्ल भरून द्यायचं असतं, शुक्रवारी दुपारनंतर पंपावर बोटींची रांग लागते, जेवण उरकून लवकर पोचा. बऱ्याच ठिकाणी पाणबुड्या खालून तळ तपासतो, त्यानं ओके म्हटलं की डिपॉझिट सुटल्याचा कागद हातात घेऊनच धक्का सोडा, आणि स्किपरची टिप रोख, वेगळ्या पाकिटात, पोरांच्या हातून द्या.