बिअर, सायडर, स्पार्कलिंग: चव घ्यायची असेल तर आधी फ्रीझरचा नाद सोडा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकलेला असताना कोणाला म्हणून बघा की भाऊ, बिअर जरा कमी थंड पी. तो तुम्हाला वेड्यातच काढेल. मलाही काढलंय. पण गेली आठ-दहा वर्षं मित्रांना जमवून बाटल्या शेजारी शेजारी मांडून चाखायचं माझं खूळ चालू आहे आणि एक मत आता पक्कं झालंय, आपल्याकडच्या लोकांना क्राफ्ट, म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांच्या, बिअरमधला फरक कळत नाही त्यात त्यांच्या जिभेचा काही दोष नाही, दोष फ्रीझरचा आहे.

परमिट, वय, रात्री गाडी कोण चालवणार, हे तुमचं तुम्ही बघा.

आधी काय घ्यायचं ते. तुलना करायची म्हणजे एकाच जातीच्या दोन बाटल्या लागतात, म्हणजे दोन व्हीट (गव्हाची बिअर), दोन आयपीए (हॉप्सची कडवट, वासाची बिअर), दोन सायडर (सफरचंदाच्या रसाची) असं. एक हलकी सोनेरी लागर आणि एक काळी जड स्टाउट समोर ठेवून 'कोणती भारी' विचारणारे भेटतात, त्यांना मी विचारतो की मेहरूणची बोरं भारी की सावद्याची केळी? एका बैठकीला तीन जोड्या बास. ३३० मिलीची बाटली चौघांत वाटली की प्रत्येकाला ऐंशी-एक मिली येते, चाखायला तेवढी पुरते, सहा-सहा फुल बाटल्या उघडून बसलात तर तिसरीनंतर सगळंच छान लागतं.

धुळ्या-जळगावच्या दुकानात जे येईल ते घ्यावं लागतं, बाकीच्यासाठी नाशिक नाहीतर पुणं. स्पार्कलिंगची, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनची, जोडी लावायची तर नाशिकची सुला ब्रूट आणि दिंडोरीची शांदों ब्रूट घ्या, दोन्हींत दुसरं फर्मेंटेशन बाटलीतच होतं त्यामुळे तुलना बरोबरीची होते. पुण्यात २००९ मध्ये डूलालीनं मायक्रोब्रुअरी काढली तेव्हापासून तिकडे चंगळ आहे, मूनशाईन कंपनीची मीड, म्हणजे मधापासून केलेली दारू, तीही तिथलीच. मीड सायडरच्या शेजारी ठेवून बघा, एक मधाची, एक सफरचंदाची, जोडी नाही म्हणता येणार पण मजा येते. माझाच नियम मी मोडतोय, माहितीये.

दुकानात काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, हिरवी तर नाहीच नाही. बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं म्हणजे हॉप्स, त्यांच्यावर ऊन पडलं की बिअरला एक कुबट घाण वास सुटतो. तपकिरी काच बरंच वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो. तारीख वाचा, आयपीए जितकी ताजी तितकी बरी.

आणि गाडीची डिकी! एप्रिलमध्ये पुण्याहून येताना सहा बाटल्या मी डिकीत टाकल्या, दिवसभराचा प्रवास, वाटेत जेवायला गाडी उन्हात लावली. घरी येऊन थंड करून उघडल्या तर सहाच्या सहा ओल्या पुठ्ठ्यासारख्या. हॉप्सचा वास गायब. मी महिनाभर बनवणाऱ्याला शिव्या घातल्या, चूक माझी होती. आता थर्माकोलचा डबा, आत बर्फाच्या जेल पिशव्या आणि डबा डिकीत नाही तर एसीत, मागच्या सीटवर.

ग्लास सगळे सारखे घ्या आणि भाजीच्या तेलकट भांड्यांसोबत घासू नका. ओतल्यावर बुडबुडे काचेला चिकटून राहिले की समजायचं ग्लास अजून घाण आहे.

आता मुख्य भानगड, टेम्परेचर.

माझी पहिली हेफेवायझन, म्हणजे जर्मन पद्धतीची व्हीट बिअर. लेबलवर केळी आणि लवंगेचा वास असं लिहिलेलं. माझं लहानपण रावेरकडे केळीच्या बागांत गेलंय, काकांचं रायपनिंग चेंबर होतं, मला केळ्याचा वास कोणी शिकवायची गरज नाही. बाटली तासभर फ्रीझरमध्ये ठेवलेली, ग्लासला बाहेरून दव आलेलं, घोट घेतला तर सोडावॉटर. केळी नाही, लवंग नाही, काही नाही. मी जाहीर केलं की हे सगळं लेबलवाल्यांचं थोतांड आहे. मग फोन आला म्हणून गच्चीवर गेलो, वीसेक मिनिटांनी खाली आलो आणि ग्लासच्या तळाला राहिलेला घोट संपवायला उचलला, तर काकांच्या चेंबरचं दार उघडल्यावर तोंडावर यायचा तोच वास! त्या बिअरमधलं यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचा पदार्थ बनवतं आणि पिकल्या केळ्यातही तोच असतो. बर्फासारख्या बिअरमधनं तो वर उडतच नाही, वर जीभही बधिर झालेली, मग कळणार कसं?

पण खरी पंचाईत यापुढे आहे. 'फ्रीजमधनं काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या घरात पंचवीस डिग्री असेल. माझ्या हॉलमध्ये उन्हाळ्यात कूलर लावूनही तेहतीस-चौतीस असतं, दहा मिनिटांत पातळ ग्लासातली ऐंशी मिली बिअर काढ्याच्या वाटेला लागते. वर एक बाटली आधी काढली, एक नंतर, म्हणजे चवीतला फरक बिअरचा की डिग्रीचा तेच कळत नाही. मी ओलं फडकं गुंडाळून बघितलं, पुरेसं थंड होत नाही. माठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, माठ पिण्याच्या पाण्याला झकास पण बिअरला कोमटच. ग्लासात बर्फ टाकणाऱ्याला मी माझ्या घरी परत बोलवत नाही. आणि फ्रीझरमध्ये बाटली ठेवून विसरलात तर ती फुटते, आमच्याकडे ती मटारच्या पिशव्यांवर फुटली होती, त्यावर घरात झालेलं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी जमलं ते बादलीनं. मोठी बादली, अर्धी पाण्यानं भरा, त्यात बर्फ. पाणी हवंच, नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला दोन-चार ठिकाणीच टेकतात, पाणी सगळीकडून लागतं. घाई असेल तर मूठभर मीठ टाका, पंधरा-वीस मिनिटांत बाटल्या गार होतात, पण मग लक्ष ठेवा, मिठानं पाणी शून्याच्याही खाली जातं. किचनमध्ये वापरतात तो टोचायचा थर्मामीटर घ्या, तीन-चारशेला मिळतो. पाणी सहा डिग्रीला आलं की उरलेला बर्फ काढून टाका. सगळ्या बाटल्या आता सारख्या, आणि बाटली बादलीबाहेर फक्त ओतण्यापुरती येणार.

इथून पुढे आपलं ऊनच कामाला येतं. बादलीतलं पाणी आपोआप चढत जातं, सावकाश, आणि चाखायचा क्रमही तोच ठेवायचा. सहाला स्पार्कलिंग आणि लागर, आठला सायडर आणि व्हीट, दहाला आयपीए, बारा-तेराला स्टाउट. हलक्याकडून जडाकडे जायचं असतं तेही यात आपसूक होतं. पाणी जास्तच पळायला लागलं तर बर्फाचा एखादा खडा. डिसेंबरात हे सगळं निम्म्या कष्टात होतं.

एकदा गच्चीवर बादलीत थर्मामीटर घालून बसलो होतो तर शेजारचे आबा कठड्यावरून डोकावले, "हाई काय शे भो, बाळाले आंघोळ घाली ऱ्हायना का?"

स्पार्कलिंग उघडताना बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा, बूच फिरवू नका. आत पाच-सहा अ‍ॅटमॉस्फिअरचा दाब असतो, तापलेल्या बाटलीचं बूच गोळीसारखं सुटतं, तोंड माणसांकडे नको.

ओतताना दोन बोटं फेस येऊ द्या. व्हीटची बाटली शेवटी जरा हलवून खालचं यीस्टही ओता. आधी वास, मग घोट, आणि बिअर गिळा, कडूपणा घशाशी कळतो.

लिहून ठेवा, पण आपल्या भाषेत. पॅशनफ्रूट मी आयुष्यात दोनदा खाल्लंय, मी ते कशाला लिहू? कैरी, मोसंबीची साल, गूळ, भाजलेले दाणे, धणे असं लिहा. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये तर धणे आणि संत्र्याची साल खरंच घालतात. लागरमध्ये बटर पॉपकॉर्न किंवा उकडलेला मका लागला तर ती खुबी नाही, बनवताना काहीतरी चुकलंय.

सोबत शेवभाजी नको. खानदेशी काळा मसाला एकदा जिभेवर बसला की ब्रूट आणि सोडा सारखेच, वर गॅसनं आणि अल्कोहोलनं तिखट आणखी झोंबतं. भरीतही नंतर, वांगी भाजल्याचा धूर नाकात असताना कसला वास घेणार. मध्ये मध्ये बिनमिठाचे फुटाणे किंवा कोरी ज्वारीची भाकरी, आणि साधं पाणी.

शेवटी एक खेळ नक्की करा. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात तिच्या जोडीतली दुसरी, ओतणारा वेगळा आणि ग्लासाखाली चिठ्ठ्या. वेगळा कोणता ते ओळखायचं. आमच्यातला एकजण महागड्या आयपीएशिवाय बोलत नाही, त्यानं लागोपाठ तीनदा चुकीचा ग्लास उचलला. चौथ्यांदा बरोबर उचलला, तेव्हा पाणी अकरा डिग्रीला आलं होतं.