प्ले-ऑफचं गणित: वर कोण चढतं, खाली कोण घसरतं

कॉलेज रोडच्या कट्ट्यावर मे महिन्यात हमखास फुटबॉलचा एक वाद रंगतो: तिसरा आलेला संघ वरच्या श्रेणीत का गेला नाही? म्हणून गुणतक्ता वाचताना आधी रेषा कुठे आखल्यात ते बघा.

2024-25 ची इंग्लिश चॅम्पियनशिप, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची दुसरी श्रेणी, घ्या. 24 संघ, प्रत्येकी 46 सामने. पहिले दोन थेट प्रीमियर लीगमध्ये. उरलेली एक जागा प्ले-ऑफने, म्हणजे बाद फेरीने ठरते: तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा. घरी एक, बाहेर एक. दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र मोजायचे. बाहेरच्या गोलला जादा वजन नाही, इथेच बरेच जण चुकतात. बरोबरी राहिली तर जादा वेळ, मग पेनल्टी. अंतिम सामना वेम्बलीवर, एकच. शेफिल्ड युनायटेडचे 90 गुण, सुंदरलंडचे 76. तरी 2-1 ने सुंदरलंड वर गेलं. क्रूर आहे, पण बघायला मजा येते.

जर्मनीत उलटं: बुंडेसलिगाचा, म्हणजे पहिल्या श्रेणीचा, सोळावा संघ दुसऱ्या श्रेणीतल्या तिसऱ्याशी दोन सामने खेळतो. 2025 मध्ये हायडेनहाइम एकूण 4-3 ने वाचलं, तेही भरपाई वेळेतल्या गोलवर.

स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीच्या प्ले-ऑफमध्ये पेनल्टीची वाट बघू नका. जादा वेळेनंतरही बरोबरी असेल तर तक्त्यात वर असलेला संघ पुढे. इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत तिसरा चौथ्यापेक्षा 14 हून जास्त गुणांनी पुढे असेल तर प्ले-ऑफच होत नाही.

नाशिकच्या घड्याळात मे महिन्यात इंग्लंडच्या वेळेत साडेचार तास मिळवा, जर्मनीच्या साडेतीन. जर्मनीतले रात्री साडेआठ म्हणजे आपले रात्रीचे बारा.