स्वस्तातली बर्बन: ग्लासात ओतल्यावर नेमकं काय बघायचं

दुकानात गेलात की आधी लेबल वाचा, घोडे, मेणाची सीलं, जुन्या आजोबांचे फोटो वगैरे सगळं सोडा. बर्बन म्हणजे अमेरिकन व्हिस्की, तिकडच्या कायद्याने तिच्यात किमान 51 टक्के मका लागतो, ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवतात आणि वरून रंग किंवा फ्लेवर घालायला बंदी आहे, म्हणजे ग्लासात जो तांबूस रंग दिसतो तो सगळा लाकडाचा. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीत मळीचं स्पिरिट आणि कॅरॅमलचा रंग असतो, तिथे रंग बघून काहीच कळत नाही, इथे थोडंफार कळतं.

मग 'स्ट्रेट' शब्द शोधा. स्ट्रेट म्हणजे कमीत कमी 2 वर्षं मुरलेली, आणि 4 वर्षांपेक्षा कमी असेल तर वय छापावंच लागतं, म्हणजे स्ट्रेट आहे आणि वय कुठेच नाही तर 4 वर्षं तरी झालीत असं धरून चाला. त्याहून भारी शब्द 'बॉटल्ड इन बॉंड', हा 1897 चा कायदा, एकाच डिस्टिलरीचा एकाच सीझनचा माल, कमीत कमी 4 वर्षं सरकारी देखरेखीतल्या गोदामात, आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोल. इव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलवाली यातलीच, अमेरिकेत वीसेक डॉलरच्या आसपास मिळते आणि त्या किमतीत तिला हरवणं अवघड आहे असं माझं ठाम मत. (भारतात इंपोर्टेडवर इतका टॅक्स लागतो की स्वस्त हा शब्द तिकडच्या दुकानापुरताच.)

आता चाखायचं. 30 मिली ओता, बर्फ नको, कोक तर नकोच, आणि चकलीची प्लेट लांब ठेवा, तिखट खाल्लं की जीभ गेली कामातून. वर निमुळता होत जाणारा ग्लास बरा, नसेल तर वाइनचा चालेल. पाचदहा मिनिटं तसाच राहू द्या, सुरुवातीचा झणका उडून जातो. वास घेताना नाक आत खुपसू नका, ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. व्हॅनिला, गुळाचा पाक, भाजलेलं कणीस, कधी केळं, आणि जिम बीममध्ये अनेकांना शेंगदाणे येतात. पण नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला आणि दहा मिनिटांनीही हटला नाही तर मार्क कापा.

पहिल्या घोटावर मत देऊच नका, तो फक्त तोंडाला सवय व्हायला. दुसरा घोट छोटा घ्या आणि गिळायच्या आधी चावल्यासारखा तोंडभर फिरवा, अमेरिकेत याला केंटकी च्यू म्हणतात. 40 टक्क्यांच्या स्वस्त बाटल्या बहुतेक इथेच उघड्या पडतात, पुढे गोड लागतं, मध्ये पाणचट, आणि शेवटी नुसतं कडवट लाकूड. चांगलीत गोडावर थोडी मिरी-दालचिनी चढते (ती राय या धान्याची कृपा, मेकर्स मार्कसारख्या गहूवाल्यात ती कमी आणि मऊपणा जास्त) आणि गिळल्यावर ऊब छातीत उतरते. ऊब आणि जळजळ यात फरक आहे हं, घशात ओरखडा उठला तर ती ऊब नाही. 50 टक्क्यांवालीत चमचाभर पाणी घाला आणि परत वास घ्या, चांगली असेल तर अजून खुलते, साधी असेल तर तिथेच ढेपाळते.

एकच बाटली घेऊन बसलात तर सगळंच छान वाटतं, म्हणून दोन ठेवा, ग्लासांच्या बुडाला चिकटपट्टी लावून नावं लिहा आणि दुसऱ्या कुणाला तरी ग्लास अदलाबदल करायला लावा, किंमत माहीत असली की जीभ खोटं बोलते. तुलना पण साधारण एकाच किमतीच्या बाटल्यांची करा, वीस डॉलरच्या बाटलीत बारा वर्षांचं लाकूड शोधायचं नाही. नुसती, काही न घालता प्यायला नाही आवडली तरी बेसिनमध्ये ओतू नका, साखर, बिटर्स (कडवट मसालेदार अर्काचे थेंब) आणि संत्र्याची साल घालून ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल करा, त्यात 50 टक्क्यांवाली स्वस्त बाटली महागड्या 40 वालीपेक्षा हमखास जास्त चवीची लागते.