पेपरांची यादी, सायटेशन आणि एच-इंडेक्स: जीवविज्ञानाच्या प्राध्यापकांनी हिशेब कसा मांडावा

कॅसची (प्राध्यापकांच्या पदोन्नतीची योजना) फाईल, नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) विभागाने मागवलेली माहिती किंवा एखाद्या प्रकल्पाचा अर्ज, तिन्हीकडे एक रकाना ठरलेला असतो. एकूण पेपर किती, सायटेशन (दुसऱ्या पेपरांत आलेले आपल्या पेपरांचे संदर्भ) किती, एच-इंडेक्स (पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला एक आकडा) किती? बरेच जण गुगल स्कॉलर उघडतात, उजवीकडे दिसेल तो आकडा उतरवतात आणि सही करतात. पुढे छाननी समितीत कुणी स्कोपस (निवडक जर्नलांचा सायटेशन डेटाबेस) उघडलं की वेगळाच आकडा निघतो आणि प्रामाणिक माणसावरही संशय येतो. हे टाळायचं तर आधी यादी शुद्ध करायची, आकडा त्यानंतर काढायचा. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, कुठल्याही विभागात असलात तरी क्रम हाच.

नावाचा गोंधळ आधी सोडवा

कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात पाटील, जाधव, शिंदे, कांबळे इतके आहेत की 'पाटील एस. बी.' या नावाखाली अनेकांचे पेपर एकत्र येतात. उलट चौगुले आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात, त्यामुळे एकाच माणसाचे पेपर तीन ठिकाणी विखुरतात. लग्नानंतर नाव बदललेल्या प्राध्यापिकांचे पीएचडीच्या काळातले पेपर तर हमखास सुटतात. आणखी एक घोटाळा आपल्याकडे फार होतो. गुणपत्रिकेवरच्या क्रमाने आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं लिहून पाठवलं की डेटाबेस शेवटचा शब्द आडनाव धरतो आणि पेपर वडिलांच्या नावावर जमा होतो. तेव्हा वडिलांच्या किंवा पतीच्या नावानेही एकदा शोधून पाहा.

यावर उपाय म्हणजे ऑर्किड, प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. तो सोळा अंकी असतो (शेवटी कधी कधी एक्स हे अक्षर येतं), फुकट मिळतो आणि २०१२ पासून चालू आहे. नोंदणी करताना कॉलेजच्या मेलबरोबर खासगी मेलही द्या, कारण नोकरी बदलली की कॉलेजचा मेल बंद होतो आणि खातं उघडता येत नाही. 'इतर नावं' या जागी तुमच्या नावाची आजवर छापून आलेली सगळी रूपं भरा. क्रॉसरेफला (पेपरांना डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक देणारी संस्था) आपोआप नोंद करण्याची परवानगी दिलीत तर ऑर्किड देऊन सादर केलेले पुढचे पेपर स्वतःच येत राहतात. जुने मात्र हातानेच, डीओआय टाकून भरावे लागतात.

मग स्कोपसवर जा. लेखक म्हणून शोधायला आणि स्वतःचं मूलभूत प्रोफाईल पाहायला वर्गणी लागत नाही. तुमच्या नावाची दोन-तीन प्रोफाईलं दिसली तर ती निवडून एकत्र करण्याची विनंती पाठवता येते. त्याच खिडकीतून दुसऱ्याचे पेपर काढताही येतात. दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका. वेब ऑफ सायन्सवरही (स्कोपससारखाच दुसरा डेटाबेस) प्रोफाईल तयार करून आपले पेपर आपल्या नावावर घ्यावे लागतात.

संस्थेच्या नावाकडेही लक्ष द्या. उदाहरणार्थ, विवेकानंद कॉलेज नावाची कॉलेजं कोल्हापूरसह अनेक शहरांत आहेत. विभाग, कॉलेज, 'कोल्हापूर' आणि पिनकोड हे चारही दर वेळी त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिहिलेत तरच पेपर योग्य संस्थेच्या खात्यात पडतो.

मूळ यादी

एक्सेलमध्ये एकच शीट करा. रकाने असे ठेवा: वर्ष, शीर्षक, जर्नल, आयएसएसएन (जर्नलचा क्रमांक), डीओआय, पबमेड (वैद्यक आणि जीवविज्ञानाच्या पेपरांचा अमेरिकी डेटाबेस) क्रमांक, प्रकार (मूळ संशोधन, रिव्ह्यू, पुस्तकातलं प्रकरण, परिषदेतला निबंध), लेखकांत आपला क्रम, करस्पाँडिंग (पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेले) लेखक आहोत का, मग गुगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सची सायटेशनं, स्व-सायटेशनं (आपणच आपल्या जुन्या पेपरांना दिलेली), आणि तपासल्याची तारीख. गुगल स्कॉलरच्या आपल्या प्रोफाईलमधून यादी फाईलरूपात उतरवता येते, तिथून सुरुवात करा. नंतर पबमेड आणि स्कोपसची यादी खाली जोडा आणि डीओआयच्या रकान्यावर डुप्लिकेट काढा. शीर्षकावरून डुप्लिकेट काढायला गेलात तर फसाल. जातीचं लॅटिन नाव, बीटा-अल्फासारखी ग्रीक अक्षरं आणि आखूड रेघा प्रत्येक डेटाबेसात वेगळ्या उतरतात.

पबमेडवर 'कोल्हापूर' हा शब्द पत्त्यात टाकून शोधणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१३ अखेरपर्यंत पबमेड साधारणपणे फक्त पहिल्या लेखकाचाच पत्ता नोंदवत असे; सगळ्या लेखकांचे पत्ते २०१४ पासून येऊ लागले. म्हणजे २००९ साली बाहेरच्या प्रयोगशाळेबरोबर केलेल्या कामात तुम्ही तिसरे लेखक असाल, तर तो पेपर पत्त्यावरून सापडणारच नाही. जुन्या कामासाठी नावावरूनच शोधा.

गुगल स्कॉलरवर आपोआप भर पडण्याची सोय बंद करून 'आधी मेलने विचारा' हा पर्याय ठेवा. नाहीतर वर्षभरात तुमच्या प्रोफाईलवर कुणाच्या तरी हृदयरोगाच्या पेपरांची सायटेशनं जमा होतात आणि तुमच्या ध्यानातही येत नाही. बायोआर्काइव्ह या साईटवरचा प्रीप्रिंट (पेपरचं छाननीआधीचं रूप) आणि जर्नलमधला पेपर वेगवेगळे दिसत असतील तर दोन्ही निवडून एकत्र करा. रिट्रॅक्ट झालेला, म्हणजे मागे घेतलेला पेपर यादीतून गुपचूप काढू नका. तो रिट्रॅक्टेड असं लिहून वेगळा ठेवा आणि बेरजेत धरू नका.

आकडा कसा निघतो

जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा, शेजारी १, २, ३ असे क्रमांक द्या. ज्या शेवटच्या ओळीत सायटेशन क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो क्रमांक म्हणजे एच.

समजा दहा पेपर आहेत: ४२, ३१, १८, १५, ९, ७, ६, ४, २, ०. सहाव्या पेपरला ७ सायटेशन आहेत, म्हणजे चालतं. सातव्याला ६ आहेत, ती सातपेक्षा कमी. एच-इंडेक्स ६. एकूण सायटेशन १३४. दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर चार, म्हणून गुगलचा आय-टेन इंडेक्स ४.

आता स्व-सायटेशन वजा करू. उरतात ३५, २७, १३, १२, ६, ४, ३, २, १, ०. एकूण १०३, म्हणजे ३१ सायटेशन, साधारण २३ टक्के, आपलीच होती. एच ५ वर आला, आय-टेन मात्र ४ च राहिला. स्कोपसच्या सायटेशन तक्त्यात यासाठी दोन वेगळे पर्याय असतात: फक्त निवडलेल्या लेखकाची स्व-सायटेशनं वगळा, किंवा सगळ्या सहलेखकांची वगळा. दुसऱ्यात गाईड आणि विद्यार्थ्यांनी एकमेकांना दिलेली सायटेशनंही जातात. कुठला वापरला ते लिहा. हा तक्ता वर्गणीशिवाय उघडत नाही. आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्कोपस चालू आहे का, ते विचारून घ्या.

स्व-सायटेशन जास्त दिसलं म्हणून कुणी घाबरू नये. एखाद्या वंशावर देशात तीन-चारच माणसं काम करत असतील तर मागच्या कामाचा हवाला द्यायचा कुणाचा? २०२० मध्ये झूटॅक्सा या वर्गीकरणाच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) नेमक्या याच कारणाने थांबवला गेला होता. जगभरच्या प्राणीशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतल्यावर तो परत द्यावा लागला.

तिन्ही डेटाबेसांचे आकडे जुळणार नाहीत. गुगल प्रबंध, प्रीप्रिंट, संस्थांच्या साईटवरच्या पीडीएफ असं सगळं मोजतो म्हणून त्याचा आकडा बहुधा सर्वांत मोठा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलच मोजतात. तुमचा पेपर स्कोपसमध्ये नसलेल्या जर्नलमध्ये आला असेल तर त्याला मिळालेली सायटेशनं तिथे 'दुय्यम' यादीत पडतात आणि एच-इंडेक्समध्ये येत नाहीत. ही यादी उघडून पाहा; वर्ष किंवा पान चुकीचं छापल्यामुळे सुटलेली सायटेशनंही तिथेच सापडतात.

एकाच विभागात दोन मापं

सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर कुठला? ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा. २०१४ पर्यंतच त्याला ३ लाखांवर सायटेशन होती. पाठोपाठ लेमलीचा १९७० चा आणि ब्रॅडफर्डचा १९७६ चा, तिन्ही प्रयोगशाळेतल्या रोजच्या पद्धतींचे. पद्धतीचा पेपर आणि रिव्ह्यू नेहमीच जास्त उचलले जातात. म्हणून आपल्या यादीत रिव्ह्यू वेगळे दाखवा.

याच्या उलट टोकाला वर्गीकरण. सह्याद्रीच्या सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) सेरोपेजिया वंशातली नवी वनस्पती शोधून तिचं वर्णन छापणाऱ्याचं काम कायमचं टिकतं, पण पुढे फ्लोरात (प्रदेशातल्या वनस्पतींच्या सूचीग्रंथात) त्या वनस्पतीच्या नावामागे लेखकाचं नाव येतं आणि संदर्भसूचीत मूळ पेपर बहुतेकदा येतच नाही. ते सायटेशन कुणीच मोजत नाही. अशा संशोधकाचा एच-इंडेक्स नॅनोकणांवर काम करणाऱ्या शेजाऱ्याशी ताडून पाहणं अन्यायाचं आहे, हे विभागप्रमुखांनी समितीला स्पष्ट सांगायला हवं. वर्गीकरण करणाऱ्यांनी वेगळा तक्ता द्यावा: वर्णन केलेल्या जाती, होलोटाइप (जातीचा मूळ नमुना) कुठल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात ठेवला (शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियमचा संकेत एसयूके), आयपीएनआय (वनस्पतींच्या नावांची सूची) किंवा झूबँक (प्राण्यांच्या नावांची) यांतली नोंद. सूक्ष्मजीवशास्त्रातल्यांनी पुण्याच्या एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहात ठेवलेल्या वाणांचे क्रमांक आणि जेनबँकचे (डीएनए क्रमांचा डेटाबेस) अ‍ॅक्सेशन म्हणजे नोंद क्रमांक द्यावेत. जीबीआयएफवर (जैवविविधतेच्या नोंदींचं जागतिक संकेतस्थळ) ठेवलेल्या नोंदींच्या संचाला स्वतःचा डीओआय मिळतो, तोही लिहा.

शाखेतला फरक सांभाळून तुलना करायची असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या वैद्यकीय संशोधन संस्थेचं आयसाइट हे साधन फुकट आहे. पबमेड क्रमांक चिकटवले की प्रत्येक पेपरचं सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळतं. १ म्हणजे त्याच क्षेत्रातल्या, एनआयएचच्या निधीवर झालेल्या पेपरांच्या मध्यकाइतकं. पेपर ताजा असेल तर त्या आकड्यावर भर देऊ नका. वनस्पती वर्गीकरणाचे बरेच पेपर पबमेडमध्ये नसतात, त्यांना याचा उपयोग नाही.

गुणांसाठी

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या पेपरला मूळ ८ गुण आहेत. त्यात भर अशी: इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या रेफरीड जर्नलला ५, एकच्या आत १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. जास्त असतील तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे ३.१ इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या जर्नलमधला पाच लेखकांचा पेपर २८ गुणांचा, करस्पाँडिंगला १९.६, सहलेखकाला ८.४.

इथे धरायचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधला. जर्नलच्या साईटवर 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल', 'सायंटिफिक' असे शब्द लावून छापलेले आकडे त्याच्याशी संबंधित नसतात. स्कोपसचा साइटस्कोर चार वर्षांच्या खिडकीवर मोजतात; तो इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून लिहिणं ही फायलींत नेहमी दिसणारी चूक. यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. जुन्या पेपरसाठी 'प्रकाशनाच्या वेळी केअर यादीत' असं लिहून त्या वेळचा पुरावा जोडा.

अर्जात काय लिहायचं

मजकूर साधारण असा: 'एकूण ३४ पेपर, त्यांत ४ रिव्ह्यू, १२ मध्ये करस्पाँडिंग लेखक. स्कोपस, तपासल्याची तारीख अमुक: सायटेशन इतकी, एच-इंडेक्स इतका, सर्व सहलेखकांची स्व-सायटेशनं वगळून इतका.' खाली ऑर्किड आणि स्कोपस क्रमांक द्या. त्याच दिवशी प्रोफाईल पानाची पीडीएफ काढून ठेवा, कारण छाननीच्या दिवशी आकडा पुढे गेलेला असतो. रकाना एकाच आकड्याएवढा असेल तर डेटाबेसचं नाव, आकडा आणि तारीख लिहून 'तक्ता परिशिष्टात' एवढं जोडा. परिशिष्ट म्हणजे तीच एक्सेल, सायटेशनच्या उतरत्या क्रमाने छापलेली, प्रत्येक ओळीत डीओआय असलेली.