अॅप-टॅक्सीचं भाडं आटोक्यात कसं ठेवायचं: दिव्यांग प्रवाशांसाठी

अॅपवरच्या टॅक्सीत दिव्यांग प्रवाशाचे जादा पैसे किलोमीटरवर फारसे जात नाहीत. ते जातात वेटिंगवर, रद्द झालेल्या बुकिंगवर आणि गरज नसताना मागवलेल्या मोठ्या गाडीवर. म्हणून सर्वांत आधी मागच्या दहा फेऱ्यांच्या पावत्या उघडा आणि मूळ भाडं, वेटिंग, रद्द केल्याचा आकार हे तीन आकडे वेगवेगळे मांडा. गळती नेमकी कुठे आहे हे कळण्याआधी कूपनं शोधत बसू नका.

बहुतेकांच्या यादीत वेटिंगच वर येतं. चालकाने ‘पोहोचलो’ दाबलं की मोफत मिनिटं सुरू होतात, आणि ती मोजकीच असतात. पिन (गाडी कुठे यायची ती नकाशावरची खूण) मुख्य फाटकावर आणि रॅम्प मागच्या दाराला असेल, तर गाडी गाठण्यातच ती संपतात. उंच इमारतींजवळ जीपीएस सरकतं, तेव्हा पिन हाताने ओढून रॅम्पवर आणा आणि ती जागा नाव देऊन सेव्ह करा. तुम्हाला डोळ्यांनी दिसत नसेल तर हे काम एकदा कुणाकडून करून घ्या. पुढे टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर या, स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयींवर नाव ऐकून निवडता येतं.

एवढं करूनही चढायला वेळ लागणारच, आणि त्याचा दंड प्रवाशाने भरणं अन्यायाचं आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने याच मुद्द्यावर नोव्हेंबर 2021 मध्ये उबरवर दावा लावला. जुलै 2022 मध्ये तडजोड झाली आणि अपंगत्वामुळे जास्त वेळ लागतो अशी नोंद करणाऱ्यांना तिथे वेटिंग माफ झालं. तुमच्या अॅपच्या मदत विभागात अशी नोंद करता येते का ते पाहा. नसेल तर त्या फेरीच्या पावतीवरूनच तक्रार करा: ‘अपंगत्वामुळे चढायला वेळ लागला, वेटिंगचे पैसे परत करावेत.’ एवढ्या दोन ओळी पुरतात. माफीचा भार मात्र कंपनीने उचलायला हवा. तो चालकाच्या माथी मारला, तर पुढच्या वेळी तो व्हीलचेअर पाहूनच निघून जाईल.

घडीची व्हीलचेअर असेल तर मोठी गाडी प्रत्येक वेळी लागत नाही. आधी गादी काढा, मग पायठेवण्या बाजूला फिरवून उचला, आणि सीटचं कापड मधोमध पुढून-मागून धरून वर खेचा. खुर्ची मिटते. मागची चाकं झटपट निघणारी असतील तर मधलं बटण दाबून ओढा. डिकीची अर्धी अडचण तिथेच संपते. परत बसवताना बटण पूर्ण बाहेर आलंय ना हे बोटाने चाचपा आणि चाक बाहेर ओढून पाहा. अर्धवट बसलेलं चाक चालताना निखळतं. गादी आणि पायठेवण्या एकाच पिशवीत ठेवल्या म्हणजे गाडीत विसरत नाहीत. बॅटरीवर चालणाऱ्या जड, न मिटणाऱ्या खुर्चीला हे लागू नाही. तिला रॅम्पची गाडीच हवी.

डिकीत गॅसची टाकी असली की सगळा हिशोब कोलमडतो. बुकिंग स्वीकारलं जाताच चालकाला संदेश टाका: ‘घडीची व्हीलचेअर आहे, डिकीत जागा लागेल. गॅसची टाकी असेल तर आत्ताच सांगा.’ जागा नसल्याचं लगेच कळलं, तर मोफत रद्द करण्याची मुदत बहुधा शिल्लक असते. पण व्हीलचेअर किंवा मदतनीस कुत्रा पाहून चालकाने नकार दिला, तर बुकिंग स्वतः रद्द करू नका. आकार तुमच्या नावावर पडतो आणि नकाराची नोंदही होत नाही. त्याला रद्द करायला सांगा, संभाषणाचा आणि वेळेचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी तक्रार टाका.

रुग्णालय, मग तपासणी केंद्र, मग औषधं, अशी कामं असतील तर तासाच्या पॅकेजचा भाव आधी बघा. तुलना करताना सुट्या फेऱ्यांच्या भाड्यात तुमच्या पावत्यांवरचं सरासरी वेटिंगही धरा. ते न धरल्यामुळेच पॅकेज महाग दिसतं. पॅकेजमध्ये चढण्या-उतरण्याचा वेळ आधीच मोजलेला असतो आणि प्रत्येक थांब्यावर नव्या चालकाला पुन्हा सगळं समजावावं लागत नाही. फक्त तासांबरोबर किलोमीटरची मर्यादाही वाचा, कारण ती ओलांडली की वरचा दर वेगळा लागतो.

रोजच्या प्रवासात लिफ्ट आणि रॅम्प असलेली मेट्रो किंवा बस वाटेत असेल, तर टॅक्सी फक्त तिथपर्यंत घ्या. निघण्याआधी मात्र स्टेशनला फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारा. बंद निघाली तर परतीच्या टॅक्सीत सगळी बचत जाते.