चारी बाजू मापात, तरी चौकट तिरकी: फॅब्रिकेशनला नवीन लागणाऱ्यांसाठी

दहावी नाहीतर आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या, म्हणजे लोखंड कापून-जोडून चौकटी करायच्या, वर्कशॉपला लागणारी आपल्या खानापूर, निपाणीकडची पोरं भरपूर, त्यांच्यासाठी लिहितोय. चौरसाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात हे सगळ्यांना पाठ असतंय, ते नाही सांगत बसत. अडकायला होतंय ते त्याच्या पुढं.

1200 बाय 900 मिमीची चौकट टॅक केली, म्हणजे कोपऱ्यांना वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके मारले, टेप लावला, आडव्या दोन्ही 1200, उभ्या दोन्ही 900. झालं? नाही झालं! समोरच्या बाजू सारख्या म्हणजे त्या समांतर आहेत एवढंच कळलं, काटकोन कुठं कळला? चौकट एका अंगाला कलून समांतरभुज चौकोन झालेली असते आणि डोळ्याला पत्ता लागत नाही. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 1500 आले तर बरोबर. एक 1510 आणि दुसरा 1490 आला तर वरची बाजू जवळजवळ साडेबारा मिमी सरकली, दार बसणारच नाही. चौरसाचं पण तेच, चारी बाजू 600 असून समभुज चौकोन निघतो, कर्ण दोन्हीकडनं साधारण 848.5 पाहिजेत.

आणि नुसते कर्ण मोजून पण भागत नाही हां. वर 1190, खाली 1200, उभ्या सारख्या, असा समलंब झाला तरी कर्ण सारखेच येतात. म्हणून आधी समोरच्या बाजू, मग कर्ण. हे मला कुणी सरळ सांगितलं नव्हतं, बोलणी खात खात कळलं, त्याचा अजून त्रास होतो.

एका कोपऱ्यात गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावून मोकळं होणारे मिस्त्री मला पटत नाहीत. वरच्या चौकटीतला फरक सहा इंची गुण्याला फक्त दोन मिमी दिसतो, कोण बघतंय तेवढं? जो मिस्त्री तुमच्या हातात टेप देतो त्याच्याच हाताखाली राहा, पगार थोडा कमी असला तरी.

घाबरू नका, गणित शाळेतलंच आहे. लांब कर्णाच्या कोपऱ्यात ठोकून फरकाच्या निम्मं कमी करायचं, 20 चा फरक असेल तर 10. टॅकवर असतानाच करा, फुल वेल्डिंग झाल्यावर चौकट हलत नाही. वेल्डिंग पण समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून मारा, उष्णतेनं लोखंड ओढतंय, आणि गार झाल्यावर कर्ण परत मोजा.