घरात ब्रेस्ट कॅन्सर आहे म्हणून ब्राका टेस्ट करताय? आधी क्रम बघा

आमच्या आत्याला ४३व्या वर्षी गाठ निघाली, ट्रिपल निगेटिव्ह (गाठीच्या तीन ठरावीक तपासण्या निगेटिव्ह येतात तो प्रकार), आणि दुसऱ्याच दिवशी मी स्वतःचं रक्त द्यायला निघाले होते. तसं करू नका. क्रम चुकला की पैसे जातात ते जातातच, वर खोटा दिलासा पदरात पडतो.

आधी ब्राका जीनचं (जीन म्हणजे डीएनएमधली आनुवंशिक सूचना) थोडक्यात सांगते. ब्राका-१ (१७व्या क्रोमोसोमवर) आणि ब्राका-२ (१३व्यावर) आपल्या सगळ्यांकडे असतात, पुरुषांकडेसुद्धा, त्यामुळे "तिला ब्राका आहे" या बोलण्याला तसा अर्थच नाही. या जीनचं काम म्हणजे तुटलेला डीएनए नीट जोडणं. आईकडून एक कॉपी, वडिलांकडून एक. एक जन्मापासूनच बिघडलेली असेल तर दुसरी काम चालवून नेते, पण पुढे कधीतरी एखाद्या पेशीत तीही गेली की तिथे चुका साचत जातात आणि गाठ धरते. बिघाड असलेल्या १०० बायकांपैकी साधारण ७० जणींना ८० वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होतो. ओव्हरीचा (अंडाशयाचा) ब्राका-१मध्ये ४४ जणींना, ब्राका-२मध्ये १७. पण घाबरून जाऊ नका, एकूण ब्रेस्ट कॅन्सरमध्ये असे आनुवंशिक ५ ते १० टक्केच असतात.

आता कामाचं. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करा आणि तीन पिढ्या काढा, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कोणाला काय झालं आणि कितव्या वर्षी. आईकडचे आणि वडिलांकडचे दोन्ही! एका डॉक्टरांनी मला फक्त आईकडचंच विचारलं होतं आणि मीही गप बसले. खरी मेहनत इथेच आहे, कारण आपल्याकडे कॅन्सर कोणी तोंडाने म्हणत नाही, "तिला ते झालं होतं", "पोटात पाणी झालं आणि गेली" एवढंच. "पिशवी काढली" म्हणाले तर गर्भाशय की अंडाशय ते खोदून विचारा. काकूच्या ट्रंकेत आजीची जुनी फाइल सापडली, बायोप्सीच्या कागदावर ओव्हरी लिहिलेलं, आणि घरात ४० वर्षं सगळे गर्भपिशवी समजत होते.

मग कागद घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांचा सल्ला देणाऱ्याकडे, जा. टाटा मेमोरियलला त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. टेस्ट शक्यतो जिला कॅन्सर झालाय तिची आधी करायची. तिच्यात बिघाड सापडला की बाकीच्यांनी फक्त तेवढीच जागा तपासायची, ते स्वस्तही पडतं. तिची न करता तुमची केली आणि निगेटिव्ह आली तर त्यातून ठाम काहीच कळत नाही, घरातला बिघाड कदाचित दुसऱ्याच जीनमध्ये असेल. लॅबला एवढं विचारा, पूर्ण जीन वाचणार का आणि मोठे तुकडे गायब असतील तर तेही पकडणार का.

रिपोर्टमध्ये पॅथोजेनिक म्हणजे बिघाड पक्का. व्हीयूएस लिहिलं असेल तर बदल दिसतोय पण तो वाईट की साधा हे ठरलेलं नाही. त्यावरून ऑपरेशन करून घेऊ नका, वर्ष-दोन वर्षांनी परत विचारा, यातले बरेचसे पुढे निरुपद्रवी ठरतात.

पॅथोजेनिक आला तर साधारण २५पासून दरवर्षी एमआरआय, ३०पासून मॅमोग्राफी पण. ओव्हरी आणि ट्यूब काढायचा सल्ला ब्राका-१ला ३५ ते ४०मध्ये देतात, ब्राका-२ला थोडं उशिरा चालतं, मुलं झाल्यावर. ओव्हरीची स्क्रीनिंग भरवशाची नाही म्हणून हे. ब्रेस्ट काढायचे की नाही हे मात्र जिचं तिने ठरवावं, नातेवाइकांनी मध्ये पडू नये असं माझं स्पष्ट मत. लहान मुलांची टेस्ट करायची नाही, १८ झाल्यावर त्यांचं ते ठरवतील.

आत्याच्या ब्राका-१मध्ये बिघाड निघाला. मग बाबांचं रक्त दिलं, त्यांच्यात तो नव्हता, म्हणजे मला त्यांच्याकडून यायचा प्रश्नच मिटला, माझी टेस्ट करावीच लागली नाही. आत्याच्या मुलाला, दादाला, फोन केला तर म्हणे "पुरुषांना कुठे होतो". त्याला सांगितलं, पुरुषांनाही होतो, कमी होतो, आणि तुझ्यात असेल तर तुझ्या दोन्ही मुलींना प्रत्येकी ५० टक्के शक्यता. फोन ठेवला त्याने. महिनाभराने मेसेज आला, "रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतात ग?"

जांभळ्या झाकणाच्या.